तळघर, गच्ची आणि बंद बाल्कनी: घरांचे भाव ताडून पाहताना जादा जागेची किंमत कशी धरायची

नवी मुंबईतल्या नेरूळच्या एकाच सेक्टरमधली दोन रो-हाऊस तुमच्यासमोर आहेत असं धरा. पहिल्याची जाहिरात म्हणते १,९०० चौरस फूट, किंमत ३ कोटी १० लाख. दुसरं १,५६० चौरस फूट, किंमत २ कोटी ७५ लाख. भागाकार केला की पहिलं फुटाला १६,३१६ रुपयांना पडतं आणि दुसरं १७,६२८ रुपयांना. पहिलं स्वस्त वाटतं, आणि बहुतेक लोक इथंच निर्णय घेऊन टाकतात.

पण पहिल्याच्या १,९०० फुटांत ४५० फूट तळघर आहे. टाइल्स, पीओपी, एसी, सगळं केलेलं. शिवाय ३०० फूट वरची उघडी गच्ची. राहण्याच्या खोल्या १,१५० फुटांच्याच. दुसऱ्या घराला तळघर नाही. तिथं खोल्या १,२४० फूट आणि गच्ची ३२० फूट. तळघराचा फूट, गच्चीचा फूट आणि हॉलचा फूट एकाच भावाने मोजले, म्हणून उत्तर उलटं आलं. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या सेक्टरचा भाव कुठून काढायचा ते पुढे येतंच.)

ठाण्यात हाच घोळ फ्लॅटमध्ये होतो. तिथं तळघराऐवजी जोडून आलेली टेरेस, बंद केलेली बाल्कनी, ड्राय बाल्कनी (स्वयंपाकघरालगतची धुण्या-भांड्यांची जागा) किंवा खोलीत घेतलेला फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचा कुंड्यांसाठीचा सज्जा) असतो. पद्धत दोन्हीकडे एकच. प्रत्येक जादा जागेला मुख्य जागेच्या भावाच्या किती टक्के भाव द्यायचा ते ठरवायचं आणि मगच दोन घरं शेजारी ठेवायची.

आधी नकाशा

टेप नंतर काढा. पहिली वस्तू मागायची ती मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. ओसीसोबतच्या नकाशात तळघरावर काय लिहिलंय ते वाचा. ‘स्टोअर’ लिहिलं असेल किंवा ‘पार्किंग’ लिहिलं असेल, तर आज तिथं पाहुण्यांची बेडरूम असली तरी कागदावर ते स्टोअर किंवा पार्किंगच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराचे नेहमीचे उपयोग सामान ठेवणं, गाड्या लावणं, यंत्रसामग्री असे आहेत. तळघर झोपायची खोली म्हणून दाखवलेला नकाशा सहसा सापडत नाही. नकाशात तळघरच नसेल, तर ते बांधकाम मंजुरीबाहेरचं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली त्याला नोटीस येऊ शकते. ती आली की नोटीस घराच्या आजच्या मालकाला निस्तरावी लागते. बांधकाम कुणी केलं होतं हा प्रश्न तेव्हा उरत नाही.

नवी मुंबईतल्या जुन्या रो-हाऊसचे मूळ नकाशे बहुधा सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, मंजूर केलेले असतात आणि नंतरच्या फेरबदलांची परवानगी महापालिकेकडची असते. म्हणून शोध दोन्हीकडे घ्यावा लागतो, सीबीडी बेलापूरच्या सिडको भवनात आणि महापालिकेच्या नगररचना विभागात. ठाण्यात महापालिकेचा शहर विकास विभाग. विकणाऱ्याकडे नकाशा नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करून प्रमाणित प्रत मागवा. प्रत येईपर्यंत टोकन देण्याची घाई करू नका.

मालमत्ता कराची पावती पुढे करून ‘बघा, तळघराचासुद्धा कर भरतोय’ असं सांगितलं जातं. कर आकारला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वर शास्तीही, म्हणजे दंडही, लावते. मात्र पावती जरूर पाहा. त्यात शास्तीची थकबाकी दिसली तर ती रक्कम किमतीतून वजा करायची आहे.

मोजमाप: कुठला कार्पेट?

जाहिरातीतला आकडा सोडून द्या. लेझर मीटरने भिंतीपासून भिंतीपर्यंत प्रत्येक खोली स्वतः मोजा आणि चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ ने गुणा. कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. खोल्यांची बेरीज करारनाम्यातल्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) कार्पेटपेक्षा थोडी कमी भरेल. त्यात लबाडी असेलच असं नाही. रेरा कायद्यातल्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जागा धरली जाते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंतींची एकूण लांबी १२ मीटर आणि प्लास्टरसकट जाडी साडेबारा सेंटिमीटर धरली, तर दीड चौरस मीटर, म्हणजे सुमारे १६ चौरस फूट फरक नुसत्या भिंतींचा होतो. त्याहून बराच जास्त फरक दिसला तर मात्र विचारायला हवं.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. रेरा कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट (पाइप-वायरींची उभी पोकळी), फ्लॅटची स्वतःची बाल्कनी आणि स्वतःची उघडी टेरेस धरत नाहीत. याउलट १९६३ च्या जुन्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यातल्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरलेली असते. त्यामुळे नौपाड्यातल्या २०१२ च्या करारनाम्यातला ‘६५० कार्पेट’ आणि कोलशेतच्या नव्या टॉवरमधला ‘६५० कार्पेट’ एकच जागा सांगत नाहीत. जुन्या आकड्यातून बाल्कनी वेगळी काढा, मग तुलना करा. त्याहून जुन्या करारनाम्यात बिल्ट-अप (भिंतींसकट क्षेत्र) लिहिलेलं असेल तर १.२ ने भागून कार्पेटचा ढोबळ अंदाज येतो. सुपर बिल्ट-अपला (ज्यात जिना, लिफ्ट अशा सामायिक जागांचा वाटाही धरतात) भागायलाही जाऊ नका. त्यात बिल्डरने किती टक्के चढवले होते ते त्यालाच ठाऊक, मोजणं हाच एक मार्ग.

तळघरात आणखी एक माप लागतं, ते उंचीचं. फरशीपासून तुळईच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा, फॉल्स सीलिंगपर्यंत नाही. इमारत संहिता तळघराला किमान २.४ मीटर मागते, राहण्याच्या खोलीला २.७५ मीटर. फॉल्स सीलिंगखाली २.५ मीटर भरलं तरी सीलिंगचं पॅनल उचलून आत पाहा. एसीचा डक्ट आणि ड्रेनेजचे पाइप त्याच पोकळीत असतात. तुळईखाली २.१ मीटर भरत असेल तर ती जागा सामान ठेवण्याचीच, मग तिथं कितीही महागडा सोफा मांडलेला असो.

तळघर कोरडं आहे का, हे कसं ओळखायचं

या भागाला सगळ्यात जास्त वेळ द्या. तळघराची किंमत अर्धी-अधिक इथंच ठरते.

आधी कारण समजून घ्या. नवी मुंबईचे बरेच नोड, म्हणजे उपनगरं, खाडीकाठी भराव घालून वसवलेले आहेत. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून ते साठवायला शहरात धारण तलाव ठेवलेले आहेत. पावसाळ्यात अशा जमिनीतलं भूजल पार वरपर्यंत येतं. पाण्याची पातळी तळघराच्या फरशीच्या दीड मीटर वर गेली, तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरला खालून दीड टन दाब बसतो. हा दाब आत यायला वाट शोधतो. भिंत आणि तळाच्या स्लॅबचा सांधा, पाइप बाहेर जातो ती जागा, काँक्रिट दोन दिवशी ओतलं गेलं तो जोड, अशा ठिकाणी त्याला वाट मिळते. बांधतानाच बाहेरून शहाबादी लाद्यांचं बॉक्स वॉटरप्रूफिंग नीट झालं असेल तर पाणी भिंतीपाशीच अडतं. ते नसेल तर नंतर आतून लावलेला थर पाण्याच्या दाबाविरुद्ध धरून ठेवावा लागतो, आणि साधे रंग किंवा कोटिंग तिथं फुगून सुटतात. म्हणून ‘गेल्या वर्षीच आतून वॉटरप्रूफिंग केलंय’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. काय वापरलं, कुणी केलं, किती वर्षांची लेखी हमी आहे आणि त्यानंतर किती पावसाळे गेले, हे विचारा.

पाहायच्या खुणा अशा. भिंतीला खालून हात-दीड हात उंचीपर्यंत लोणा, म्हणजे पांढरी खारट पूड. स्कर्टिंगच्या वरची रंगाची फुगवटी. स्विचबोर्डच्या स्क्रूंवर गंज. कपाटाच्या पाठीमागे काळी बुरशी. एकाच भिंतीला नवं पीव्हीसी पॅनलिंग आणि बाकीच्या भिंती साध्या. पॅनलिंग सगळीकडे असेल तर तो शोभेचा भाग मानता येतो. एकाच भिंतीला असेल तर मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग पारदर्शक प्लास्टिकची चाचणी करा. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा. दुसरा तसाच बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर. कमीत कमी १६ तास राहू द्या, दोन दिवस मिळाले तर उत्तम. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून किंवा फरशीतून येतंय. बाहेरच्या बाजूला थेंब असतील आणि आत कोरडं असेल तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा आहे. दोन्ही रोगांचे इलाज वेगळे. पहिल्याला दुरुस्ती लागते. दुसरा वायुविजन आणि डीह्युमिडिफायरने आटोक्यात येतो, पण त्याचं वीजबिल कायमचं. ४०० वॉटचं यंत्र रोज १० तास चाललं तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण ४८० युनिट जातात.

चाचणीसाठी जुलै-ऑगस्टच योग्य. मार्च-एप्रिलमध्ये घर पाहत असाल तर कोरड्या प्लास्टिकवर विसंबू नका. तेव्हा लोणा आणि गंज याच साक्षी खऱ्या. शेजारच्या दोन घरांत जाऊन त्यांच्या तळघराचं विचारा. जमीन एकच असते आणि शेजाऱ्याला काही विकायचं नसतं.

बाहेर येऊन रस्ता पाहा. वर्षानुवर्षं डांबराचे थर चढले किंवा काँक्रिटीकरण झालं की रस्ता घराच्या जोत्याच्या बरोबरीला येतो, कधी वरही जातो. मग मोठ्या पावसात पाणी तळघराच्या जिन्यावरून थेट खाली उतरतं. जिन्याच्या तोंडाशी किमान सहा इंचाचा उंबरा आहे का, खाली संप, म्हणजे पाणी गोळा होण्याचा खड्डा, आहे का, संपमधल्या पंपाला फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) आहे का, वीज गेली तर पंप इन्व्हर्टरवर चालतो का, हे बघा. वीज नेमकी त्याच पावसात जाते. तळघरात संडास असेल तर आणखी एक प्रश्न उरतो. रस्त्याखालची ड्रेनेज लाइन त्याच्यापेक्षा वर असेल तर मैला पंपानेच वर जातो, आणि चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर लाइन तुंबल्यावर तो उलटा आत येतो.

आता टक्के

पुढचे टक्के आमचा अंदाज आहे, तो नियम म्हणून घेऊ नका. बाजार ते कसे बदलतो हे सूची क्रमांक २, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या सरकारी नोंदीच्या मदतीने तपासता येतं; ते खाली आहे. मुख्य खोल्या शंभर टक्के धरायच्या.

तळघर नकाशात असेल, कोरडं असेल, तुळईखाली २.४ मीटर किंवा जास्त भरत असेल आणि एका बाजूने उघडणारी खिडकी असेल, तर ४० ते ५० टक्के. हे सगळं असून खिडकी नसेल तर २५ ते ३५. ओल असेल तर १० ते १५ टक्के धरा आणि वरून दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा करा. तो खर्च कमीत कमी दोन वॉटरप्रूफिंगवाल्यांना प्रत्यक्ष दाखवून लेखी कोटेशन घेऊनच ठरवा, फोनवर सांगितलेला दर धरू नका. नकाशात नसेल तर शून्य. त्यावर विक्रेत्याने कितीही लाख खर्च केले असतील, तरी शून्य. कडक वाटेल, पण उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचा वकील हीच भूमिका घेईल.

नवी मुंबईतल्या पारसिक हिलसारख्या उतारावरच्या घरांत खालचा मजला मागून जमिनीत आणि पुढून पूर्ण उघडा असतो. अमेरिकेत मूल्यांकन करणारे असा मजला एका बाजूने जरी जमिनीत असला तरी अख्खा जमिनीखालचा म्हणून वेगळा दाखवतात. तिथल्या एएनएसआय झेड७६५ या मानकात तसं ठरवलेलं आहे. आपल्याकडे असं बंधन नाही, म्हणून खोलीगणिक पाहिलेलं बरं. उघड्या बाजूच्या खोलीत खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या सहाव्या हिश्शाइतकं असेल आणि नकाशात ती राहण्याची खोली म्हणून असेल, तर ८० ते ९० टक्के द्यायला हरकत नाही. त्याच मजल्यावरची मागची आंधळी खोली तळघराच्याच भावाने.

जोडून आलेल्या टेरेसला सरसकट एक टक्का लावू नका. पहिल्या १५० फुटांचा उपयोग खरा असतो. कपडे, झाडं, दोन खुर्च्या, मुलांचं खेळणं. त्याला ३५ ते ४०. पुढच्या प्रत्येक फुटाला २०. सहाशे फूट टेरेस असलेला माणूस दोनशे फूटवाल्याच्या तिप्पट वेळ तिथं बसत नाही, पण त्याला गळतीची काळजी मात्र तिप्पट जागेची असते. टेरेस करारनाम्यात ‘फक्त या सदनिकेच्या वापरासाठी’ म्हणून नोंदलेली आहे का ते बघा. नुसतं दार त्या बाजूला उघडतं म्हणून ती तुमची होत नाही. नोंद नसेल तर शून्य. रो-हाऊसच्या वरच्या गच्चीला १५ ते २५. त्यावरचा पत्र्याचा कायमस्वरूपी शेड परवानगीचा कागद दाखवला तरच मोजायचा.

बाल्कनी चार फुटांपेक्षा रुंद असेल तर ५० ते ६०, त्यापेक्षा अरुंद असेल तर ३०. बंद करून हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी हा घोडबंदर रोडवरच्या जुन्या इमारतींतला ठरलेला प्रकार. ती मंजूर नकाशातच बंद दाखवलेली असेल तर खोलीच्या भावाने मोजा. नंतर मालकाने भिंत पाडून घेतली असेल तर बाल्कनीच्याच टक्क्याने. आणि पाडलेली भिंत नुसती विटांची होती की तिच्यात कॉलम किंवा तुळई होती, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहून घ्या. फ्लॉवर बेडवर लादी टाकून वाढवलेल्या खोलीचा तो पट्टा शून्य. फ्लॉवर बेड घराची जागा म्हणून मंजूर झालेला नसतो आणि त्याचा स्लॅब माणसांच्या वावरासाठी आखलेला असेलच असं नाही. पोटमाळ्याला टक्केवारी देऊच नका. तो फर्निचरसारखा, ठोक रक्कम धरून मोकळं व्हा.

विकणारा तळघराला किती भाव लावतोय?

आता नेरूळच्या घरांकडे परत येऊ. तळघर कोरडं पण बिनखिडकीचं आहे, म्हणून ३५ टक्के. वरच्या गच्चीला २०.

पहिलं घर: १,१५० + (४५० × ०.३५ = १५७.५) + (३०० × ०.२० = ६०) = १,३६७.५ फूट. ३ कोटी १० लाखांना भागले तर फुटाला २२,६६९ रुपये.

दुसरं घर: १,२४० + (३२० × ०.२० = ६४) = १,३०४ फूट. २ कोटी ७५ लाखांना भागले तर २१,०८९ रुपये.

स्वस्त वाटणारं घर फुटाला सुमारे १,५८० रुपयांनी महाग निघालं. दुसऱ्याच्या भावाने पहिल्याची किंमत २ कोटी ८८ लाखांच्या आसपास येते, म्हणजे मागणी साधारण २२ लाखांनी चढी आहे.

यावर विक्रेता म्हणेल की ३५ टक्के हा तुमचा आकडा, माझं तळघर त्याहून चांगलं आहे. वाद घालत बसू नका, गणित उलटं करा. दुसऱ्या घराच्या भावाशी बरोबरी व्हायला पहिल्याचं क्षेत्र ३,१०,००,००० ÷ २१,०८९ = १,४७० फूट असायला हवं. खोल्या आणि गच्ची मिळून १,२१० होतात. उरलेले २६० फूट एकट्या तळघराने भरून काढायचे. २६० ला ४५० ने भागा, ५८ टक्के. म्हणजे विकणारा या बिनखिडकीच्या तळघराला वरच्या बेडरूमच्या ५८ टक्के भाव लावतोय. प्रश्न आता एवढाच राहतो: जिथं सूर्यप्रकाश नाही, म्हाताऱ्या माणसाला उतरता येत नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि झोपण्याची खोली म्हणून कागद नाही, त्या जागेला तुम्ही ५८ टक्के द्यायला तयार आहात का? हा आकडा समोर ठेवला की बोलणी मुद्द्यावर येतात.

दोन्ही घरांची किंमत आधी एका पातळीवर आणायला विसरू नका. फर्निचर, स्वतंत्र पार्किंग, सोसायटीची थकबाकी, सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे सगळं भागाकाराच्या आधी अधिक-वजा करायचं. नवी मुंबईतली बहुतेक जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली आहे. दोन घरांच्या पट्ट्याची उरलेली वर्षं फार वेगळी असतील तर नुसता फुटाचा भाव पुरत नाही. पार्किंगबद्दल एवढं लक्षात असू द्या: स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा उघडी जागा बिल्डर स्वतंत्र विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. ‘पार्किंगचे आठ लाख’ म्हणणाऱ्याकडे कुठला कागद आहे ते पाहूनच आठ लाख धरा.

तुमच्या इमारतीचा खरा टक्का

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, शोधता येते. गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक घालून गेल्या १८ महिन्यांचे त्याच सोसायटीतले व्यवहार काढा. तुम्हाला हवी आहे जोडी: एकाच आकाराचे दोन फ्लॅट, एकाला टेरेस, दुसऱ्याला नाही.

समजा कासारवडवलीच्या एका इमारतीत ६२० फूट रेरा कार्पेटचा साधा फ्लॅट १ कोटी २८ लाखांना गेला आणि तेवढाच, पण २१० फूट टेरेस असलेला १ कोटी ४२ लाखांना. फरक १४ लाख. पण टेरेसचा फ्लॅट चार मजले वर आहे, आणि बिल्डरचा फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्यासाठीचा वाढीव दर, फुटाला ५० रुपये मजल्यामागे. ४ × ५० × ६२० = १ लाख २४ हजार. ते वजा केले तर टेरेसचे उरले १२ लाख ७६ हजार, फुटाला ६,०७६. साध्या फ्लॅटचा भाव २०,६४५. म्हणजे त्या इमारतीत टेरेसला लोकांनी २९ टक्के दिले. अशा दोन-तीन जोड्या मिळाल्या की आमचे टक्के बाजूला ठेवा आणि तोच आकडा वापरा. जोडी एकच असेल तर जपून. तो फ्लॅट नातेवाइकांत गेला असेल किंवा निकडीने विकला असेल.

दस्तासोबतचं मूल्यांकन पत्रकही वाचण्यासारखं असतं. त्यात मुख्य मिळकत, तळघर, मेझॅनाइन (दोन मजल्यांमधला अर्धा) मजला, लगतची गच्ची, वरची गच्ची, बंदिस्त वाहनतळ, बंदिस्त बाल्कनी अशा वेगवेगळ्या ओळी असतात. मुद्रांक शुल्कासाठी सरकारसुद्धा लगतची गच्ची मुख्य दराच्या ४० टक्क्यांनी आणि बंदिस्त वाहनतळ २५ टक्क्यांनी धरतं. सगळे फूट एका भावाने धरणाऱ्या एजंटला दाखवायला हा कागद पुरेसा आहे. फक्त तो शुल्कासाठीचा हिशेब आहे, बाजारभाव त्यातून निघत नाही.

बँक काय धरेल

कर्ज घेणार असाल तर टोकनच्या आधी बँकेच्या पॅनेलवरच्या मूल्यांककाकडून अंदाज घ्या. मंजूर नकाशाबाहेरची जागा तो सहसा मोजत नाही. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, आणि बँक करारनाम्याची रक्कम आणि स्वतःचं मूल्यांकन यांतली कमी असेल ती धरते. ३ कोटी १० लाखांचा करार आणि मूल्यांकन २ कोटी ८५ लाख आलं, तर कर्ज २ कोटी १३ लाख ७५ हजार. तुमच्या खिशातून ७७ लाख ५० हजारांऐवजी ९६ लाख २५ हजार जातील. हे जादा १८ लाख ७५ हजार ऐन वेळी उभे करायला लागले की लोक टोकन गमावतात.

टोकनच्या पावतीत काय लिहून घ्यायचं

पावतीत ‘१,९०० चौरस फुटांचं रो-हाऊस’ असं एका ओळीत लिहू देऊ नका. खोल्या, तळघर, गच्ची, प्रत्येकाचं मोजलेलं क्षेत्र वेगवेगळं लिहा आणि तळघरासमोर नकाशातला शब्द जसाच्या तसा उतरवा. मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत अमुक दिवसांत मिळाली नाही, किंवा तीत तळघर दिसलं नाही, तर टोकन पूर्ण परत, ही ओळ घाला. आजवरची शास्ती, कर आणि सोसायटीची बाकी विक्रेत्याची, असंही लिहून घ्या. व्यवहार उन्हाळ्यात होत असेल आणि तळघरासाठी तुम्ही मोठी रक्कम देत असाल, तर ओलीच्या दुरुस्तीइतकी रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत वकिलाकडे अडवून ठेवण्याची अट मांडून बघा. ज्याचं तळघर खरंच कोरडं आहे तो यावर फारशी खळखळ करत नाही.